कोपराला लावलेला गूळ

परवा शेजारच्या काकूंची नात वही घेऊन आली. शाळेत 'माझे गाव' असा प्रकल्प होता. "काका, तुम्हाला इतिहासातलं कळतं ना, जरा बघा ना बरोबर आहे का." मी चष्मा लावला. पहिल्याच पानावर मोत्यासारख्या अक्षरात वाक्य होतं : 'खाडीने येथे कोपरासारखे वळण घेतले असल्याने या गावास कोपर असे नाव पडले.'

वाचलं आणि मी गप्पच झालो. वाक्य चुकीचं होतं म्हणून नव्हे, ते माझं होतं म्हणून. शब्दन् शब्द माझा. "कुठून घेतलंस गं?" तर म्हणाली, "नेटवर. ज्ञानकोशात आहे."

तर ही हकीकत आधी सांगून टाकतो. कबुलीजबाबच म्हणा.

सतरा-अठरा वर्षांपूर्वी मला स्थलनामांचं वेड लागलं होतं. कोपरला राहायचं, सकाळच्या गाडीत दाटीवाटीने उभं राहून फोर्टातल्या कचेरीत जायचं, आणि डोक्यात दिवसभर गावांची नावं. कोपर, ठाण्याची कोपरी, पलीकडे कोपरखैरणे. सगळी खाडीच्या आसपासची. मला वाटलं, सापडलं! हात जिथे दुमडतो ते कोपर, खाडी जिथे दुमडते तेही कोपर. एका छोट्या दिवाळी अंकात लेख लिहिला. संपादकांनी छापला, दोनचार ओळखीच्यांनी कौतुक केलं. झालं, अंगावर मूठभर मांस चढलं. त्याच भरात एका मुक्त ज्ञानकोशात जाऊन कोपरविषयी ते एक वाक्य मी घातलं आणि खाली संदर्भ दिला. संदर्भ कुठला? माझाच लेख. तिथे मी माझं खरं नाव वापरत नव्हतो, त्यामुळे लिहिणारा आणि संदर्भातला लेखक एकच आहेत हे कोणाच्या बापाला कळणार नव्हतं.

तेव्हा यात काही वावगं आहे असं खरोखर मनात आलं नाही. विषय मला माहीत, अभ्यास मी केलेला, मग लिहायचं कोणी?

पुढची गंमत ऐका. काही वर्षांनी परिसराची माहिती देणारी एक पुस्तिका हाती आली. तिच्यात माझं वाक्य होतं, आधार अर्थात तो ज्ञानकोश. मग कोणीतरी भल्या माणसाने ज्ञानकोशातल्या त्या वाक्याला ती पुस्तिका दुसरा संदर्भ म्हणून जोडली! म्हणजे आता माझा अंदाज दोन पायांवर उभा होता, आणि दोन्ही पाय माझेच.

आणि अंदाज कितपत पक्का होता? खरं सांगायचं तर नकाशा मी शेवटी पाहिला, निष्कर्ष आधी काढला होता. नकाशात वळण दिसलं, कारण मला ते बघायचं होतं. खाडी म्हटली की वळणं असायचीच, ती कोपरला आहेत तशी दहा गावांना आहेत. 'कोपरा' या शब्दावरून हे नाव येऊ शकतं, याचा मी विचारसुद्धा केला नव्हता. खाडीपासून कोसन् कोस दूर गोदावरीकाठी कोपरगाव आहे, ते मी सोयीस्करपणे विसरलो होतो. गावातल्या एका म्हातार्‍या आगरी गृहस्थांना एकदा विचारलं होतं, तर ते म्हणाले होते, "आमच्या आज्यानी त आसा कदी सांगला नाय." ते माझ्या लेखात आलं नाही. मला नको होतं ना ते!

असो. त्या मुलीची वही हातात असताना मला आठवले ते डॉक्टर केतकर. कुठे तो डोंगर आणि कुठे आमचं वारूळ, पण प्रश्नाची जात एकच आहे.

श्रीधर व्यंकटेश केतकरांचा 'महाराष्ट्रीय ज्ञानकोश' मी पहिल्यांदा पाहिला तो डोंबिवलीच्या एका वाचनालयात. तेवीस खंड. १९२० ते १९२७ या काळात प्रसिद्ध झालेले. सरकारची थैली नाही, विद्यापीठाचा आधार नाही. ज्ञानकोश मंडळ नावाची मर्यादित कंपनी काढली, भाग विकले, वर्गणीदार मिळवायला गावोगाव वणवण केली. नागपुरात सुरू झालेलं काम पुढे पुण्यात आलं. हाताशी यशवंत रामकृष्ण दाते, चिंतामण गणेश कर्वे यांच्यासारखी माणसं होती, ज्यांनी नंतर मराठीला 'महाराष्ट्र शब्दकोश' दिला. या सगळ्याचा विचार केला तरी छाती दडपते.

पण हा ज्ञानकोश उघडला की 'अ'पासून सुरुवात होत नाही. आधी पाच प्रस्तावना खंड आहेत : हिंदुस्थान आणि जग, वेदविद्या, बुद्धपूर्व जग, बुद्धोत्तर जग, विज्ञानेतिहास. अकारविल्हे नोंदी येतात त्या सहाव्या खंडापासून. आणि या प्रस्तावना खंडांत, विशेषतः प्राचीन काळाबद्दल, केतकर केवळ दुसर्‍यांनी काय म्हटलं ते गोळा करून देत नाहीत. ते स्वतःचं म्हणणं मांडतात. ऋग्वेदातल्या दाशराज्ञ युद्धाला ते इतिहासात मोठी जागा देतात. यज्ञ करणार्‍या ऋत्विजांची मांत्र संस्कृती आणि कथा गाणार्‍या सूतांची सूत संस्कृती अशी विभागणी करतात. हा त्यांचा सिद्धांत होता. म्हणजे आजच्या भाषेत सांगायचं तर ज्ञानकोशात 'मूळ संशोधन'! आज एखाद्या मुक्त ज्ञानकोशात कोणी असं काही लिहिलं तर संध्याकाळच्या आत उडेल.

शिवाय केतकर काही कोरी पाटी घेऊन संपादकाच्या खुर्चीत बसले नव्हते. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी जातिसंस्थेच्या इतिहासावर काम केलं, ते इंग्रजी पुस्तक १९०९ साली इथाकाहून निघालं. त्याचा सगळा भर मनुस्मृतीतल्या पुराव्यावर, आणि ती मनुस्मृती ते इसवी सनाच्या तिसर्‍या शतकातली धरतात. पुस्तकाच्या उपशीर्षकातच तिसरं शतक आहे. त्याआधी १८८६ साली ब्यूलरने मनुस्मृतीचं भाषांतर केलं होतं आणि तिचा काळ इसवी सनापूर्वीचं दुसरं शतक ते इसवी सनाचं दुसरं शतक या दरम्यान ठेवला होता.

आता तुम्ही केतकरांच्या जागी आहात असं समजा. टेबलावर मनुस्मृतीची नोंद आहे. संपादक तुम्ही, त्या विषयावर प्रबंध लिहिणारेही तुम्ही. ब्यूलरचा काळ आधी लिहायचा की स्वतःचा? दोन्ही लिहायचे तर कोणाला किती ओळी? 'काहींच्या मते' हे शब्द कोणाच्या मागे लावायचे? इथेच मेख आहे. यात खोटं बोलायची गरजच पडत नाही. आपला तो बाब्या आणि दुसर्‍याचं ते कार्टं, एवढं पुरतं. तज्ज्ञ मुद्दाम फसवत नाही. त्याला आपलं म्हणणं 'मत' वाटतच नाही, ते त्याला सरळ वस्तुस्थिती वाटते. वर्षानुवर्षं त्यावर घासल्यावर दुसरं काय होणार?

पण केतकरांबद्दल एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. त्यांनी लपवाछपवी केली नाही. त्यांची स्वतःची मांडणी वेगळ्या प्रस्तावना खंडांत आहे आणि वाचणार्‍याला कळतं की इथे केतकर बोलतायत. नावातलं 'महाराष्ट्रीय' हे विशेषणसुद्धा तेच सांगतं, की हे जग एका ठिकाणी उभं राहून पाहिलेलं आहे. पुढे ज्ञानकोश मंडळाचा इतिहास त्यांनी स्वतःच लिहिला, त्याच्या नावात 'माझे बारा वर्षांचे काम' असे शब्द आहेत. स्वतःच्या कामाचा इतिहास स्वतःच लिहायचा आणि वर सरळ 'माझे' म्हणायचं! मला हा माणूस यासाठी आवडतो. 'माझे' म्हटलं की वाचणारा सावध होतो, आणि सावध वाचक फसत नाही.

जगातही हा प्रश्न जुनाच आहे. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाने तर उलटी रीत घातली, की ज्याचं संशोधन त्यालाच लिहायला बोलवायचं. १९२६ च्या तेराव्या आवृत्तीत मनोविश्लेषणावर खुद्द फ्रॉइडने लिहिलं, अवकाश-काल या विषयावर आइन्स्टाइनने, रेडियमवर मादाम क्युरींनी. वाचणार्‍यांची चंगळच! पण फ्रॉइडच्या सिद्धांतावरचे आक्षेप फ्रॉइडकडून किती ऐकायला मिळणार? रेडियमचं वजन मोजता येतं, मनाचं येत नाही. त्यामुळे क्युरींनी स्वतःबद्दल लिहिणं आणि फ्रॉइडने स्वतःबद्दल लिहिणं या दोन सारख्या गोष्टी नव्हेत, असं मला वाटतं.

त्याआधी अकराव्या आवृत्तीत (१९१०-११) अराज्यवादावरचा लेख क्रपॉटकिनने लिहिला. तो स्वतः त्या चळवळीचा म्होरक्या. लेखात 'प्रस्तुत लेखकाने' असं म्हणून त्याने आपलं काम सांगितलं आहे. संपादक चिझम यांनी काय केलं? लेख ठेवला, आणि त्यात संपादकाची म्हणून वेगळी टीप घातली. अराज्यवाद्यांच्या नावावर जमा असलेल्या हिंसक घटना त्या टिपेत आल्या. लेखक आपलं बोलला, संपादकाने उरलेलं सांगितलं, आणि कोण काय बोललं ते वाचकाला दिसलं. शंभर वर्षांपूर्वीचा हा तोडगा मला अजूनही उत्तम वाटतो.

आपल्याकडे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईला बसून मराठी विश्वकोश उभा केला. पहिला खंड १९७६ चा, विसावा २०१५ चा. त्यात नोंदीखाली लिहिणार्‍याचं नाव असतं, संदर्भ असतात. केतकरांचा ज्ञानकोश एका माणसाच्या डोक्यातून निघाला, विश्वकोश शेकडो लेखकांचा आणि मंडळाचा. नोंद कोणाची हे कळलं की वाचणारा म्हणू शकतो, हां, हे अमक्यांचं आहे, त्यांचा कल मला ठाऊक आहे.

म्हणजे तज्ज्ञाने आपल्या विषयावर लिहिण्यात खोट नाही. तज्ज्ञ दिसेनासा होतो तिथे खोट आहे. आणि नेमकं हेच मुक्त ज्ञानकोशात घडतं.

विकिपीडिया १५ जानेवारी २००१ ला सुरू झाला, मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला. तिथे नोंदीखाली नाव नसतं. इतिहासाच्या पानावर टोपणनावं असतात, पण ती बघायला जातो कोण? बरं, नाव द्यायचं ठरवलं तरी ते तपासणार कसं? एका अमेरिकन तरुणाने तिथे आपण धर्मशास्त्राचे प्राध्यापक आहोत असं सांगितलं होतं, न्यूयॉर्कर साप्ताहिकाने २००६ साली तसं छापलंही. २००७ मध्ये उघड झालं की स्वारी चोवीस वर्षांची आणि प्राध्यापक वगैरे काही नाही. तेव्हा विकिपीडियाने माणसावर भरवसा न ठेवता कागदावर ठेवला : तुम्ही कोण ते सांगू नका, कुठे छापलंय ते दाखवा. स्वतःचं नवं संशोधन इथे आणू नका. आणि जिथे तुमचा हितसंबंध आहे तिथे स्वतः हात घालू नका, चर्चापानावर सुचवा.

नियम करणार्‍यांनाही तो पाळणं सोपं गेलं नाही. संस्थापक जिमी वेल्स यांनी २००५ साली स्वतःवरच्याच लेखात हात घातल्याचं बाहेर आलं. विकिपीडियाच्या स्थापनेत लॅरी सँगर यांचा वाटा किती, ही त्या लेखातली दुखरी जागा होती. त्यांनी नंतर खेद व्यक्त केला. मोठ्यांचंही तेच होतं बघा!

नियम नुसता दगडासारखा लावला तर तो तज्ज्ञाच्या पायावर पडतो. फिलिप रॉथ या अमेरिकन कादंबरीकाराने २०१२ मध्ये कळवलं की माझ्या 'द ह्यूमन स्टेन' कादंबरीमागची प्रेरणा तुम्ही चुकीची लिहिली आहे. उत्तर मिळालं, तुमचं म्हणणं ठीक, पण दुय्यम संदर्भ हवा. शेवटी त्याने न्यूयॉर्करमध्ये लांबलचक खुलं पत्र छापलं, तेव्हा छापील आधार तयार झाला. आपल्या कादंबरीबद्दल आपल्यालाच साक्षीदार आणायला सांगितला म्हणून तो चिडला. लोक हसले. मीही हसलो होतो. आता तितकं हसू येत नाही, कारण लेखकाला स्वतःच्या प्रेरणेबद्दल सांगताना काही गाळायचं नसतंच असं कुठे आहे?

आणि डोना स्ट्रिकलंड. २०१८ च्या ऑक्टोबरात त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं तेव्हा त्यांच्यावर विकिपीडियात लेखच नव्हता. त्याच वर्षी मे महिन्यात कोणीतरी केलेला मसुदा पुरेसे स्वतंत्र संदर्भ नाहीत म्हणून परत गेला होता. त्या बाईंनी स्वतः लिहिलं असतं तर नियम मोडला असता. नाही लिहिलं तर जागा रिकामी.

मराठीत ही रिकामी जागा फार मोठी आहे, आणि मला खरी बोचते ती हीच गोष्ट. इंग्रजीत एका तज्ज्ञाने हात आखडला तर दुसरे दहा पुढे येतात. आपल्याकडे एखाद्या गावाच्या शिलालेखावर, एखाद्या बोलीवर, एखाद्या कीटकावर मराठीत लिहू शकेल असं माणूस कधीकधी एकच असतं. त्याला 'तुझा हितसंबंध आहे, तू बाजूला हो' म्हटलं तर नोंद होणारच नाही. केतकरांना असं बाजूला बसवलं असतं तर तेवीस खंडही नसते. म्हणून इंग्रजीतला नियम जसाच्या तसा आणून चालायचं नाही. पण नियमच नको असंही नाही, कारण जिथे लिहिणारा एकच असतो तिथे तपासणाराही कोणी नसतो. इंग्रजीत माझं कोपराचं वाक्य आठवड्यात कोणीतरी खोडलं असतं. मराठीत ते वर्षानुवर्षं सुखाने नांदलं, पुस्तिकेत गेलं आणि शेवटी एका मुलीच्या वहीत उतरलं. आपल्या भाषेत चूक दीर्घायुषी असते.

केतकर १० एप्रिल १९३७ ला गेले. पन्नास वर्षांची मुदत संपून १९८८ पासून त्यांचं लेखन कोणालाही वापरायला मोकळं झालं आहे. ज्ञानकोश महाजालावर वाचायलाही मिळतो, ही फार चांगली गोष्ट आहे. पण उद्या कोणी त्या प्रस्तावना खंडांतला परिच्छेद उचलून नव्या ज्ञानकोशात चिकटवला आणि 'केतकरांच्या मते' एवढे दोन शब्द गाळले, तर केतकरांनी उघडपणे केलेलं विधान चोरपावलांनी सत्य होऊन बसेल. दोन शब्दांचा तर प्रश्न आहे. पण सगळा प्रामाणिकपणा त्या दोन शब्दांतच आहे.

मग मी काय केलं? आधी त्या मुलीला सांगितलं. "हे वाक्य मी लिहिलंय, आणि तो माझा अंदाज आहे." तिने डोळे मोठे केले. "म्हणजे ज्ञानकोश तुम्ही लिहिता?" म्हटलं, "एवढंच एक वाक्य गं, आणि तेही बिघडवलं." तिने विचार केला आणि 'असे नाव पडले' खोडून 'असे नाव पडले असावे, असे आमच्या शेजारचे काका म्हणतात' असं लिहिलं. शंभर वर्षांच्या कोशवाङ्मयाचा सारांश एका शाळकरी पोरीने खोडरबराने काढला!

मग रात्री बसून ज्ञानकोशाच्या चर्चापानावर लिहिलं. खर्‍या नावाने. हे वाक्य माझं, पहिला संदर्भ माझा लेख, दुसरा संदर्भ या वाक्यावरूनच घेतलेला, तेव्हा दोन्ही धरू नयेत. वाक्य मी स्वतः काढत नाही, कारण ते घालणारा मीच होतो. कोणीतरी तटस्थ माणसाने बघावं. चौथ्या दिवशी पाहिलं तर वाक्य गेलेलं होतं. काढणार्‍याने दोनच शब्द लिहिले होते, 'संदर्भ अपुरा'.

खोटं कशाला सांगू, वाईट वाटलं. इतक्या वर्षांचं आपलं वाक्य. क्षणभर असंही वाटलं, की याला स्थलनामांतलं काय कळतं? आणि मग स्वतःचंच हसू आलं. हाच तो आवाज, ज्याच्यासाठी हे सगळे नियम करावे लागतात.

कोपराला गूळ लावणं असा आपल्यात वाक्प्रचार आहे. गूळ दिसतो, वासही येतो, पण जीभ काही तिथवर पोचत नाही. आपल्याच संशोधनाची चव आपणच सांगायची म्हणजे तसंच आहे. तिथे दुसर्‍या कोणाची तरी जीभ लागते. तो कडू म्हणाला तर कडू.

आता एका रविवारी कोपरी आणि कोपरखैरणे दोन्हीकडे जाऊन यायचं ठरवलं आहे. नकाशा घरी ठेवून. तिथल्या जुन्या माणसांना विचारायचं, आणि या वेळी ते जे सांगतील ते सगळं उतरवून घ्यायचं, मला नको असलेलंसुद्धा.